कोंडाबाईच्या साठ विळ्या

कृष्णाकाठच्या माळशेत गावी केवळगिरी महाराजांचा मठ होता. तिथे दर माघात मोठा भंडारा होई. त्याचा नेम कडक होता. पहाटेची आरती झाल्याशिवाय भाजीला पाते लागायचे नाही आणि माध्यान्हीला पहिली पंगत बसलीच पाहिजे. लोक आदल्या दिवसापासून उपास धरून दहा-दहा कोस चालत येत. म्हणून गावच्या साठ जणी आपापली विळी घेऊन मठात बसत आणि दोन प्रहरांत ढिगारेच्या ढिगारे चिरून मोकळ्या होत.

या साठ विळ्यांना धार लावण्याची सेवा कोंडाबाई लोहारणीची. नवरा गेला, भट्टी थंडावली, पण घरातले धार लावायचे तीन दगड तिने सोडले नाहीत. पंधरा दिवस आधीपासून ती एकेक विळी पायाखाली दाबून धरी आणि ओला दगड पात्यावरून फिरवी. आधी खरखरीत, मग मधला, शेवटी गुळगुळीत. दर फेऱ्याला महाराजांचे नाव. दुसरा जप तिला येत नव्हता आणि तिचे त्यावाचून काही अडतही नव्हते.

त्या वर्षी व्यवस्था नरसिंगराव इनामदारांकडे आली. माणूस कर्तबगार, फक्त ते लोकांना वरचेवर सांगायची खोड वाईट! त्यांनी शहरातून चाकावर धार लावणारा कारागीर आणला. चाक गरगरले, ठिणग्या उडाल्या, पोरेबाळे टाळ्या पिटू लागली आणि एका दुपारी साठ विळ्या लखलखीत झाल्या. कोंडाबाईने एक उचलून पाहिली. पात्याची कड निळी पडली होती.

"मालक, पातं लई तापलंय," ती हळूच म्हणाली. "जळाल्या लोखंडाला धार टिकत न्हाई."

"कोंडाबाई, तुझ्या घासण्याच्या नादी लागलो तर लोक पुढच्या माघात जेवतील," नरसिंगराव म्हणाले. "आता तुझं काम संपलं. उद्या पंगतीला ये म्हणजे झालं."

सगळे हसले. कोंडाबाई तडक महाराजांपुढे जाऊन बसली. झाले ते सांगता सांगता ती रडू लागली. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिला देवाला देता येत होती, आणि तीही आज कोणी काढून घेतली होती. महाराजांनी तिला रडू दिले. मग एवढेच म्हणाले, "दगड पाण्यात घालून ठेव. आणि सकाळी लवकर ये."

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, या नव्याला नऊ भोपळेही निभले नाहीत. आरती झाली, बायका बसल्या, आणि तांबड्या भोपळ्याच्या जाड सालीवर एकेका विळीची धार मुडपत गेली. साल तुटेना, वांगी चेचली जाऊ लागली. ऊन वर चढले. नदीच्या वाटेवर माणसांची रांग दिसू लागली. कारागीर तर केव्हाच वेशीबाहेर गेलेला. नरसिंगरावांच्या तोंडचे पाणी पळाले.

महाराज बाहेर आले आणि त्यांनी कोंडाबाईला अंगणाच्या मधोमध बसवले.

"बाबा, साठ विळ्या हायेत," ती घाबरून म्हणाली. "माझे दोनच हात."

"तू एक घास. बाकीच्या आमच्याकडे."

तिने समोरची विळी पायाखाली घेतली. दगड फिरू लागला, नाव सुरू झाले. जळकी कड झिजली, खालचे चांगले लोखंड वर आले. शेवटचा गुळगुळीत दगड फिरवून तिने हात उचलला, तोच पलीकडून एक बाई ओरडली, "अगं बया, माझी कापाय लागली!" मग दुसरी, मग दहावी. त्यांच्या विळ्यांना कोणी दगड लावला नव्हता, तरी भोपळ्याच्या फाका सरसर पडू लागल्या. केवढी ही कृपा! कोंडाबाई आपल्या हातांकडे बघतच राहिली.

एकच विळी बोथट राहिली. ती इनामदारांच्या घरची होती.

नरसिंगरावांनी बायकोकडून विळी घेतली आणि साऱ्या गावादेखत ते महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"आमच्याकडे दगड नाहीत, नरसिंगराव. ज्याच्याकडे आहेत, त्याला मागा."

नरसिंगराव कोंडाबाईसमोर आले. तिनेच विळी हातातून घेतली. "बसा, मालक. हात दुखाया लागलेत माझे. तुमी पाट घट्ट धरा." इनामदार मातीत बसले. दगड फिरू लागला, काळे पाणी त्यांच्या पांढऱ्या धोतरावर ओघळले, त्यांनी पाट सोडला नाही. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला तिचे नामस्मरण त्यांच्याही ओठांवर आले, आणि धारही आली.

माध्यान्हीला पंगत बसली. वाढून झाल्यावर नरसिंगराव कोंडाबाईच्या पानासमोर गेले, आणि साठ जणींच्या देखत त्यांनी जमिनीला कपाळ टेकले.

"उठा, मालक," कोंडाबाई म्हणाली. "भाजी निवतीय."