उलट्या धारेचे चारशे विळे

चारशे विळे! आणि चारशेच्या चारशे उलट्या धारेचे!

सोनगाव पेठेतले अवजारांचे सर्वांत मोठे व्यापारी विश्वंभरशेठ कपाळाला हात लावून बसले होते. विळ्याची धार एकाच बाजूने घासलेली असते. ती दुसऱ्या बाजूने घासली, तर विळा गवत कापत नाही, नुसता घसरतो. समोर त्यांचा नवा धारवाला सोपान मान खाली घालून उभा होता.

"अरे, एक तरी विळा तपासायचास!"

"सगळे तपासले, शेठ. झकास कापतात!" असं म्हणून सोपानने एक विळा उचलला आणि गवताची पेंढी सर्रकन कापून दाखवली.

डाव्या हाताने!

शेठ ओरडले, "म्हणजे डावखुरा आहेस तू! उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

सोपानची मुलगी दुर्वा बापाचा डबा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "शेठ, विळे बरोबर आहेत. गिऱ्हाईक चुकलंय."

"पोरीच्या जिभेला बरी धार आहे! तीही बापानेच लावलेली दिसते. मग तूच शोध बरोबर गिऱ्हाईक!"

शेठांनी कागद ओढला आणि अटी लिहायला घेतल्या. आज गुढीपाडवा. खंडेनवमीच्या आत सगळे विळे खपले पाहिजेत. किंमत एक पैसा कमी करायची नाही. खोटं बोलायचं नाही. आणि दारोदार फिरून दुकानाची अब्रू घालवायची नाही, घरात बसूनच विकायचे! जमलं तर सोपानचं काम राहील, नाहीतर बापलेकींनी पेठेत पाऊल टाकायचं नाही.

शेठांचं अक्षर असं, की तिसरी अट त्यांची त्यांनाच वाचता येईना. दुर्वा त्या अक्षराकडे बघतच राहिली.

मग म्हणाली, "कबूल! पण माझीही एक अट लिहा. तुमच्या दुकानाची वेबसाइट आहे. माझ्या लिंकवरून जो तिथे येईल, त्याच्या खरेदीत माझा टक्का."

"म्हणजे दलाली!"

"दलालीच. फक्त या दलालाला उन्हात उभं राहावं लागत नाही."

दुर्वाने घरी बसून काच तडकलेल्या मोबाइलवर एक वेबसाइट बनवली. नाव ठेवलं 'डावखुरा'. पहिल्या महिन्यात तिथे तिघे जण आले. एक दुर्वा, दुसरा सोपान, आणि तिसरा चुकून!

पण ती लिहीत राहिली. रोज बापाला विचारायची, "अण्णा, आज कुठे अडलं?" तो सांगायचा आणि ती लिहायची. डावखुऱ्या शिंप्याने कात्री कुठली घ्यावी, विळीवर कसं बसावं, शाळेच्या बाकावर कुठल्या टोकाला बसलं म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागत नाही. कात्री जिथे चांगली मिळे, त्या दुकानाची लिंक द्यायची. विळ्याखाली विश्वंभरशेठांची लिंक होती, आणि वर ठळक अक्षरांत एक ओळ: 'उजव्या हाताने कापणाऱ्याने हा विळा घेऊ नये. पैसे वाया जातील.'

सोपान घाबरला. "असं लिहिल्यावर कोण घेईल गं?"

"ज्याला इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, तो घेईल."

आषाढात लांबच्या गावाहून एका बाईंचा निरोप आला: 'चाळीस वर्षं सासूबाई म्हणाल्या, तुला गवत कापता येत नाही. काल विळा आला. आज त्या हव्या होत्या बघायला!' दुर्वाने तो निरोप, बाईंना विचारून, वेबसाइटवर लावला. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवटचा विळा गेला!

पण टक्का द्यायची वेळ आली, तेव्हा शेठांनी हात आखडला.

"विळे माझ्या दुकानातून गेले. तुझ्यामुळे गेले कशावरून?"

"लिंकवर नोंद आहे, शेठ."

"मोबाइल तुझा, नोंद तुझी! मला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे. नाहीतर टक्का विसर!"

"मग विळे घेणाऱ्यांच्या यादीतली तुम्हाला आवडतील ती गिऱ्हाइकं उद्या पूजेला बोलवा. सगळी डावखुरी निघाली, तर ती 'डावखुरा'वरूनच आली म्हणायची. मान्य?"

"मान्य!"

खंडेनवमीला दुकानात अवजारांची पूजा झाली. शेठांनी स्वतः निवडलेले नऊ जण आले होते. शेठांनी पेढ्यांचं ताट फिरवलं. नऊच्या नऊ जणांनी पेढा उजव्या हातात घेतला!

शेठ मांडी थोपटून म्हणाले, "बघ! एकसुद्धा डावखुरा नाही!"

"थांबा शेठ. प्रसादाला डावा हात पुढे केला, तर घरोघर फटका बसतो. हा उजवा हात आईवडिलांनी शिकवलेला आहे. त्यांचा स्वतःचा हात मी दाखवते."

सगळ्यांचे पेढे खाऊन झाले, हात पुसून झाले. दुर्वाने पूजेतली लिंबं उचलली आणि एकदम ओरडली, "झेला!"

लिंबं हवेत उडाली. नऊ हात वर गेले. नऊही डावे!

"योगायोग!" शेठ गरजले. "अचानक काही आलं, की कुणाचाही—"

"शेठ, झेला!"

दहावं लिंबू शेठांच्या नाकावर येत होतं. शेठांनी ते अलगद टिपलं.

डाव्या हाताने!

शेठ आपल्या हाताकडे बघत राहिले.

मग ते हळूच म्हणाले, "माझ्या बापाने हा हात सुतळीने बांधून मला मुळाक्षरं शिकवली होती. तुला गं कसं कळलं?"

"तुमचं अक्षर बघितलं, तेव्हाच!"

शेठ असे हसले, की पोट धरून गादीवर आडवेच झाले. नऊ गिऱ्हाइकं हसली, सोपानही हसला. डोळे पुसत शेठांनी फर्मावलं, "पोरीचा टक्का आत्ता द्या, आणि पुढेही कायमचा चालू ठेवा! सोपान, आजपासून तू कारखान्याचा मुकादम. आणखी एक हजार विळे घे घासायला, सगळे उलटे!"

मग सगळ्यांसमोर लिंबू डाव्या हाताने वर उडवत म्हणाले, "आणि हो, पहिला विळा माझा. ऑर्डर दुर्वाच्याच लिंकवरून करतो!"