दचकण्याच्या आधीचं

“…मग तू रागावलेली नाहीस, हे रोज शंभरदा सांगूनही पोरीच्या डोक्यात ते बसत का नाही?” माईंनी विचारलं.

मठीच्या ओसरीवर त्या चिंचा फोडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे; गाव त्यांच्या पाया पडायला येई. समोर पायरीवर डॉ. शाल्मली दाभाडे, मेंदूवर संशोधन करणारी. पायरीवरही खुर्चीत बसल्यासारखी ताठ.

तिची सहा वर्षांची गार्गी एकोणीस दिवस तिला ‘आई’ म्हणाली नव्हती. बाकी सगळं बोलायची. दूध दे, वेणी घाल. हाक तेवढी मारायची नाही, शाल्मली तिच्यावर ओरडली त्या दिवसापासून.

“नुसत्या घोकण्यानं मेंदूत काही कोरलं जात नाही, माई.” शाल्मलीचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा झाला. “मेंदूच्या वरच्या थरात एक पेशी दुसरीशी बोलली, की त्यांच्या सांध्यावर कच्ची खूण उमटते. पाच-सात सेकंदांची पाहुणी. तेवढ्यात रसायन आलं तर पक्की. नाही आलं तर पुसली.”

“कसलं रसायन?”

“नॉरॲड्रेनलिन. माणूस दचकला, की मेंदूभर शिंपडलं जातं. मी उंदरांवर दाखवून दिलंय. नऊ वर्षं हेच करतेय.”

“उंदीर हुशार दिसतात तुझे.” माईंनी एक चिंचोका बाजूला टाकला. “म्हणजे दचकल्यावर जे घडतं, ते पक्कं होतं?”

“नाही हो! तीच तर गंमत आहे. दचकण्याच्या आधीचं. नुकतंच होऊन गेलेलं.”

“अस्सं… आणि तू पोरीवर ओरडलीस, त्याच्या आधी ती काय करत होती?”

“काही नाही. मी उंदरांच्या मेंदूच्या काचपट्ट्या तपासायला घरी आणल्या होत्या. सहा महिन्यांचं काम. ही चित्र दाखवायला धावत आली, ‘आई, आई’ करत. धक्का लागला, सगळ्या काचा खाली, आणि मी जी किंचाळले…”



माईंचे हात थांबले. “काय करत आली?”

“…आई, आई करत.”

नऊ वर्षं शाल्मलीनं हेच फळ्यावर लिहिलं होतं. बाण काढून, आधी-नंतर दाखवून. आणि घरी? पोर रुसलीय, हट्टी आहे, आजीवर गेलीय, असंच धरून चालली होती ती.

“पुसता येईल का हे, माई?”

“मला काय ठाऊक? मी चार यत्ता शिकलेली बाई. तू रोज सांगतेस ते कसं?”

“जवळ घेते. सांगते, आई रागावलेली नाही. अगदी हळू. पुन्हा दचकायला नको म्हणून.”

“हं… हाक कशी मारायची ती? म्हणून दाखव.”

“आत्ता? इथे?”

“म्हण की.”

शाल्मलीनं गार्गीसारखी हाक मारली. “आई…”

माई पुढे वाकल्या आणि त्यांनी आपलं पांढरंशुभ्र डोकं तिच्या पायांवर टेकवलं.

“अहो माई! हे काय करताय! उठा… पाप लागेल मला, उठा ना!”

पाय ओढायचंही तिला सुचेना. छाती धडधडत होती, अंगावर सरसरून काटा आला होता. आणि मग हुंदकाच फुटला… कित्येक दिवसांचा.

माई सावकाश उठून बसल्या. पदरानं त्यांनी तिचे डोळे पुसले.

“दचकलीस तर खरी. पण घाबरवलं का गं मी तुला?”