गार इंजिन

एका गावात एक शेतकरीण होती. तिच्याकडे शेत होतं, विहीर होती, तिखट जीभही होती; नव्हता फक्त तिच्या बापाचा ट्रॅक्टर.

लहानपणी त्याच्या मडगार्डवर बसून ती अख्खं शिवार फिरायची. पुढे बापाचे गुडघे थकले, क्लच दाबवेना, तेव्हा ट्रॅक्टर विकला गेला. मग बापही गेला. तेव्हापासून लांबून कुठं धडधड ऐकू आली, की तिच्या हातातलं खुरपं थांबायचं.

एके दिवशी जुने ट्रॅक्टर विकणाऱ्या दलालाचा निरोप आला, "ताई, तुमच्या आबांचा ट्रॅक्टर सापडला!" तव्यावरची भाकरी उतरवून बाई तशीच निघाली.

चिंचेखाली ट्रॅक्टर उभा होता. अंगभर नवा लालभडक रंग.

"मडगार्डवर मी खिळ्यानं मोर कोरला होता. तो कुठाय?"

"रंगाखाली गेला की हो!"

तिनं मायेनं इंजिनावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"हे कशानं तापलंय हो?"

"उन्हानं, ताई."

"चिंचेखाली ऊन कधीपासून पडायला लागलं?"

दलालानं घाईनं सेल्फ मारला. एका दमात इंजिन सुरू! तीच धडधड. बाईचे डोळे भरून आले. वाटलं, कसली चौकशी करायची, घ्यावा आणि घरी न्यावा. पण कानात बाप बोलला, 'पोरी, तापलेलं इंजिन कुणाच्याही हातानं चालतं. त्याचं दुखणं कळतं ते गार असताना.'

"बंद करा," ती म्हणाली. "गार होईपर्यंत मी इथंच बसते."

"दुसरं गिऱ्हाईक वाटेत आहे. ट्रॅक्टर गेला तर रडत बसाल!"

बाईनं ट्रॅक्टरकडे एकदा वळून पाहिलं. तरी ती बसली. घटकेघटकेनं उठून हात लावायची आणि मनात म्हणायची, 'तूच आहेस ना रे?'

दुसरं गिऱ्हाईक खरंच आलं. मिशीवर ताव देत म्हणालं, "काय मावशी, अंडी उबवताय?"

"उबवत नाही बाबा, निववतेय. तूही बस."

तोही बसला. दलालाला मात्र बसवेना.

दिवस कलला, इंजिन गार पडलं. सेल्फ मारला. घर्र, घर्र, आणि गप्प. पुन्हा मारला, तेच. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट सोडून ट्रॅक्टर मेला. बाईनं तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेलात पाणी उतरलेलं, चहासारखं दुधाळ; म्हणजे इंजिन आतून गेलेलं. मिशीवाला धोतर झटकून चालता झाला.

बाईनं मडगार्डवरून एकदा हात फिरवला. नखानं रंग खरवडून बघावा असं फार वाटलं. पण खाली मोर निघाला असता, तर तिला तिथून जाववलं नसतं. तिनं हात पदराखाली घेतला आणि वाटेला लागली.

"बाई," मागून दलाल चिडून ओरडला, "एवढं शहाणपण तुम्हाला शिकवलं तरी कुणी?"

ती वळली. "ज्याचा ट्रॅक्टर म्हणून हा मला विकत होतास ना, त्यानंच."

तात्पर्य: मन ओढ घेतं तेव्हाच डोळे उघडे ठेवावेत. गेलेल्या माणसाची वस्तू एक वेळ मिळणार नाही, पण त्याची शिकवण मोडीत घालू नये.