थोरल्या सरकारांचं माप

"मग यांतली कोणती घेऊ, बाबा?"

तुळाजीरावांनी बंदुकांची तिन्ही रंगीत पुस्तकं दर्ग्याच्या ओट्यावर उघडून मांडली. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून त्यांवर छडी आडवी ठेवली.

हैदरबाबांनी पुस्तकांकडे पाहिलंच नाही. ते ओट्याखाली काढून ठेवलेले पाहुण्याचे बूट बघत होते.

"चा घेणार, सरकार?"

"चहा नको. उद्या विलायतेचं टपाल निघतं. त्याच्या आत मागणी लिहायचीय. पैसा लागेल तितका लागो, पण बंदूक अशी हवी की साऱ्या मुलखात तिला जोड नसावी."

"बरं." बाबा म्हणाले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

संस्थानं अजून होती तेव्हाची ही गोष्ट. हैदरबाबा तीस वर्षं आंबेघोळच्या जहागिरीच्या सिलेखान्यावर होते. तिथल्या प्रत्येक हत्याराला तेल त्यांच्या हातचं. थोरले सरकार मचाणावर बसले की मागून काडतूस हाती द्यायला तेच. थोरले सरकार गेले, तेरावा झाला, आणि बाबांनी किल्ल्यांचा जुडगा धाकट्या सरकारांच्या, म्हणजे तुळाजीरावांच्या पुढ्यात ठेवला. तेव्हापासून ते डोंगरावरच्या या दर्ग्यात राहत. लोक त्यांना फकीर म्हणत. ते स्वतःला झाडूवाला म्हणवत.

तुळाजीराव दोन वर्षांत इथं एकदाही फिरकले नव्हते. आज गरज पडली तेव्हा मोटार काढून आले होते. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, पण इथं वैद्यच डोंगर चढून बसला होता.

"ही जर्मन," त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं. "वर दुर्बीण आहे."

"आपल्या रानात पन्नास पावलांपल्याड जनावर दिसतंय कुठं? दुर्बीण लावून पानं मोजत बसाल."

"मग ही. दस्त्यावर चांदीचं काम आहे."

"डुकराला आरसा दावायचाय?"

तुळाजीरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी त्यांनी तिसरं पान उलटलं. "मग ही दुनळी. तिच्या तोडीचं काही नाही म्हणतात."

"चांगली हाय." बाबा पहिल्यांदाच चित्रावर वाकले. "पर दुसऱ्या बाराचा भरवसा असला की पहिला बार ढिला जातोय."

"म्हणजे एकही नको?"

"मी न्हाई कुठं म्हटलं? जुनीला काय झालंय, ते सांगा की."

तुळाजीराव पुस्तकांवरची छडी सारखी करू लागले.

झालं होतं ते साऱ्या जहागिरीला ठाऊक होतं. दसऱ्याची शिकार. थोरल्या सरकारांच्या माघारी पहिलीच; आदलं वर्ष दुखवट्यात गेलं होतं. हाकेवाल्यांनी रान उठवलं, एक दांडगं रानडुक्कर ओढ्यातून वर आलं आणि तुळाजीरावांच्या समोर चाळीस पावलांवर थांबलं, जणू फोटो काढून घ्यायलाच. तुळाजीरावांनी वडिलांची बंदूक खांद्याला लावली. बार झाला. गोळीनं पळसाची फांदी तोडली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं. एक म्हातारा हाकेवाला हळूच म्हणाला, "थोरलं सरकार असतं तर..." आणि पुढचं गिळून टाकलं. ते गिळलेलं वाक्य तुळाजीरावांना अजून जेवू देत नव्हतं.

"नळी झिजलीय," ते आता म्हणाले. "जुनी झाली बंदूक."

"आसंल." बाबांनी चहा कपात ओतला. "मापाचा कागद भरलाय न्हवं?"

"भरलाय तर!" तुळाजीरावांनी खिशातून कागद काढला. चांगली बंदूक धन्याच्या अंगाला बेतून करतात. कंपनी आधी छापील कागद पाठवते. त्यात बंदूक चालवणाऱ्याची उंची, हात, मान, खांदा असं सगळं मोजून लिहायचं असतं.

"वाचा."

"उंची, सहा फूट एक इंच."

तुळाजीराव पाच फूट पाच इंच होते. आईच्या वळणावर गेले होते. पण त्यांनी हा आकडा असा वाचला, की ऐकणाऱ्यानं मान वर करून बघावं.

बाबांनी डोळे मिटले.

"खांदे, वीस इंच. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, वीस. मान..."

ते वाचत गेले. डोळे मिटलेले बाबा हवेत हात फिरवू लागले. एवढ्या उंचीवर खांदा. इथं मान. इथं हात. अंधारात कुणाला चाचपावं तसे त्यांचे हात हलत होते.

वाचन संपलं.

बाबा उठले. सत्तरीचा माणूस गुडघ्यावर हात देऊन उठला, ओट्याखाली उतरला, त्या कागदासमोर कमरेत वाकला आणि त्यानं तीनदा मुजरा केला.

तुळाजीरावांनी कागद खाली घेतला.

"कुणाला केलात मुजरा?"

"ज्यांचं माप हाय, त्यास्नी. त्यांचं वडील गेल्यावर पयली बंदूक करवली, तवा मीच घेतलं हुतं त्यांचं माप. इसरंन कसा?"

तुळाजीरावांनी कागद खिशात घातला.

"शिंप्याच्या वहीतनं उतरवलं का?"

"हो." मग तुळाजीरावांचा आवाज चढला. "त्यात काय चुकलं? मला त्यांच्यासारखीच बंदूक हवी. त्यांच्यासारखी म्हणजे त्यांच्यासारखी! बोटभरही कमी नको."

"जुनी आणलीया?"

"मोटारीत आहे."

"आणा. लावा खांद्याला."

नोकराला हाक न मारता जहागीरदार स्वतः गेले आणि बंदूक घेऊन आले. रिकामी आहे याची दोनदा खात्री केली. समोरच्या टेकडीवरच्या एकट्या झाडावर नेम धरून त्यांनी दस्ता खांद्याला टेकवला.

बाबा बाजूला उभे राहून बघत होते. तुळाजीरावांचा डावा हात पुरा ताणला गेला होता. मान कासवासारखी पुढे निघाली होती आणि गाल दस्त्यावरून पुढे, आणखी पुढे सरकत होता. डोळा केव्हाच रेषेवरून घसरला होता.

"माशी दिसतीया?" नळीच्या टोकाला नेमासाठी जो बारीक दाणा असतो, त्याला शिकारी माशी म्हणतात.

"नाही."

"मग मान मागं घ्या. दिसंल."

मान मागे आली नाही.

"बाळासरकार..."

वडील गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"दस्ता लांब पडतोय तुमास्नी. ठावं हाय तुमाला?"

"आहे."

"आन् नव्या बंदुकीलाबी लांबच लिवलात."

"हो."

"मान कशापायी ताणता?"

खालच्या वाडीत कुणीतरी लाकूड फोडत होतं.

"इथं," तुळाजीराव म्हणाले. गाल दस्त्यावरच होता, त्यामुळे शब्द लाकडात बोलल्यासारखे आले. "इथलं पॉलिश गेलंय, बाबा. बघा. रुपयाएवढी जागा आहे. इथं त्यांचा गाल असायचा."

बाबांनी वाकून ती जागा पाहिली.

"मी मागे बसायचो मचाणावर. मला त्यांचं तोंड कधी दिसायचं नाही. एवढंच दिसायचं, गालाची कड आणि हे लाकूड. मी म्हणायचो, आबासाहेब, एकदा माझ्या हातात द्या. ते म्हणायचे, मोठा हो. मोठा झालो, लग्न झालं. तरी तेच, मोठा हो. शेवटी बंदूक हातात आली ती तेराव्याला, तुम्ही दिलेल्या किल्ल्यांबरोबर."

ते थांबले.

"दुपारी सिलेखान्याचं दार लावून घेतो. कुणाला माहीत नाही. या जागेवर गाल ठेवून बसतो. तेलाचा वास येतो, थोडा तपकिरीचाही. मान अवघडते. पण मागे घेतली की गाल त्या जागेवरून सुटतो."

तुळाजीरावांना आपल्या वडिलांची इतकी आठवण येत होती, की तिची लाज वाटावी. पस्तिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, जहागिरीचा धनी. आणि थोरले सरकार तर दगडाच्या काळजाचे म्हणून प्रसिद्ध होते. आई गेली तेव्हाही त्यांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. अशा माणसासाठी झुरायचं तरी कुणाजवळ बोलून?

"नव्या बंदुकीवर ती जागा असंल?" बाबांनी विचारलं.

तुळाजीरावांनी नकारार्थी मान हलवली. लाकडावर गाल घासला गेला.

"बरं. मग आता बसा आसंच."

"काय?"

"खाली बसा. बंदूक मांडीवर घ्या. नेम नको, माशी नको. गाल ठेवा तिथं. मन भरंस्तवर बसा. मी झाडलोट करतो."

आणि ते खरोखरच झाडू घेऊन अंगणाकडे वळले.

तुळाजीराव ओट्यावर बसले. बंदूक मांडीवर आडवी घेऊन वाकले आणि त्या रुपयाएवढ्या जागेवर त्यांनी गाल टेकवला. या वेळी मान ताणावी लागली नाही. चहा निवून गेला. वाऱ्यानं छडी घरंगळली आणि दुर्बिणीच्या, चांदीच्या, दुनळी बंदुकांची पानं फडफडत उलटत राहिली. त्यांनी ती धरली नाहीत.

ओट्याजवळच्या चिंचेची सावली ओट्यावरून उतरून अंगणात गेली. बाबांचं अंगण दोनदा झाडून झालं होतं.

अखेर तुळाजीराव सरळ झाले. बंदूक त्यांनी बाजूला, भिंतीला टेकवून ठेवली. खिशातला तो कागद काढून स्वतःच चार घड्या केल्या आणि चुलीत सारला.

"कोरा आहे आणखी एक," ते म्हणाले. "पण मोजायला शिंपी उद्या..."

बाबांनी कमरेची सुतळी सोडली. तिच्यावर अंतराअंतरानं गाठी होत्या, जुन्या, तेलानं काळ्या पडलेल्या. ते समोर येऊन बसले.

"हात फुडं करा."

तुळाजीरावांनी हात पुढे केला. बाबांनी सुतळीचं टोक कोपराशी धरलं आणि अंगठ्यानं ती सावकाश बोटांकडे नेऊ लागले. थोरल्या सरकारांच्या मापाची, वीस इंचांची गाठ बरीच पुढे, हवेत लोंबत राहिली. तिथं हात नव्हता.

ती लोंबती गाठ तुळाजीरावांनी पाहिली, आणि त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या हातानं घाईघाईनं डोळे पुसले.

"चुलीचा धूर..." ते पुटपुटले.

बाबांनी सुतळी सोडली नाही.

"हात हलवू नका, बाळासरकार. माप देताना थोरलं सरकारबी रडलं हुतं."