नवव्या दिवसाचं वाचन

फार जुन्या काळी, डोंगराच्या कुशीतल्या एका राज्यात एक बातमीदार राहत होता. दर आठवड्याला तो स्वतःच्या हाताने बातमीपत्र लिहून चावडीवर लावायचा. चाळीस वर्षं लोकांनी त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

म्हातारपणी त्याने ते काम सोडलं आणि पुस्तक लिहायला घेतलं. बातमीपत्रात जे लिहिता आलं नव्हतं, ते सगळं त्यात उतरवलं. आपल्यामागे आपलं नाव राहावं, एवढीच आता त्याची इच्छा होती.

त्या राज्याची रीत अशी, की नवं पुस्तक लेखकाने आधी देवळाच्या मंडपात रोज थोडं थोडं वाचून दाखवायचं. लोक आवडीने येऊ लागले. "म्हाताऱ्याचा हात अजून थकला नाही," असं एकमेकांना सांगू लागले. तो मनोमन सुखावला.

नवव्या दिवशी भुयाराचं प्रकरण आलं. वीस वर्षांपूर्वी, राजधानीला पाणी नेण्यासाठी खणलेलं भुयार खचलं होतं आणि सात मजूर आत गाडले गेले होते.

त्याने संथ आवाजात वाचलं, "तिसऱ्या दिवशी मी दगडाला कान लावला. आतून कुणीतरी ठोकत होतं. पण प्रधानजींनी खोदकाम थांबवायला सांगितलं."

मंडपात हुंदके फुटले. मागे बसलेली एक बाई उठून उभी राहिली. त्या सातांपैकी एकाची ती बायको.

"बाबा, तेव्हा तुम्ही चावडीवर लिहिलं होतंत, सगळे पहिल्याच दिवशी गेले म्हणून."

"प्रधानजींचा हुकूम होता, बाई. खरं लिहिलं असतं, तर माझं काम गेलं असतं."

"आम्ही सात घरं होतो. हातांनी उकरलं असतं. आज सांगताय ते कुणासाठी?"

बातमीदाराने पुस्तक मिटलं.

दहाव्या दिवशी मंडप गच्च भरला, पण पुस्तक ऐकायला कुणीच आलं नव्हतं.

"माझा भाऊ लढाईत पडला, असं लिहिलं होतंत. ते तरी खरं होतं का?" एकाने विचारलं.

"आणि साथीच्या वर्षी विहिरीचं पाणी चांगलं होतं म्हणे," दुसरा म्हणाला. "माझी दोन पोरं प्यायली ते."

म्हातारा पुस्तक काखेत मारून घरी निघून गेला. पुस्तकाचं पुढचं पान त्या राज्यात कुणी ऐकलं नाही.

तो पुढे बरीच वर्षं जगला. रस्त्यात कुणी भेटलं आणि तो म्हणाला, "आज ऊन फार आहे," तर समोरचा आधी मान वर करून आभाळ बघायचा.

लहानथोरांनो, माणसं वाचवायच्या वेळी गिळलेलं सत्य पुढे कितीही सुंदर लिहिलं, तरी ती फक्त गुन्ह्याची कबुली असते.