तपासणीत काही आढळले नाही

“काही सापडलंच नाही मॅडम, तर लिहू तरी काय?”

डॉ. ऋजुता देवस्थळीनं कागद टेबलावर ठेवला. सुवर्णपदक घेऊन ती या सरकारी दवाखान्यात रुजू झाली, त्याला दोनच महिने झाले होते. प्रश्न विचारतानाही उत्तर आपल्याला ठाऊक असल्याचा सूर तिला लपवता येत नसे.

डॉ. हेमलता सोनटक्के यांनी चष्मा पुसला. त्या आठवड्यातलं हे तिसरं मूल. पहिल्या वेळी राग येतो. तिसऱ्यापर्यंत नुसतं बसून राहावंसं वाटतं.

पडद्यामागच्या खाटेवर नऊ वर्षांची मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. शाळेतल्या बाईंना तिच्याच घरात राहणाऱ्या काकाचा संशय आला, त्यांनी आईला गाठलं, आई पोलिसांकडे गेली. आता आई आणि महिला पोलीस बाहेर कागदाची वाट बघत होत्या. हा कागद असाच गेला, तर मुलगी संध्याकाळी त्याच घरी परत जाणार होती.

हेमलताबाईंनी वाचलं. ‘इजा आढळली नाही. काही घडलेले नाही.’

“पहिलं वाक्य तू पाहिलंस. दुसरं तुला कुणी सांगितलं?”

“पहिल्यावरून दुसरं येतंच ना, मॅडम.”

“हं… ती काय म्हणाली?”

“बोललीच नाही. कुठे दुखतं, कधीपासून, सगळं विचारलं. तोंडाला कुलूप. एकदाच म्हणाली, ‘मी आता खराब झाली का?’ ते विषयाला सोडून होतं, म्हणून लिहिलं नाही.”

“मग तू काय सांगितलंस तिला?”

ऋजुतानं पेनाला टोपण लावलं.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पडद्याशी थांबल्या.

“आत येऊ का गं?”

मुलीनं मान हलवली. बाई तिच्यापेक्षा खाली, स्टुलावर बसल्या.

“या ताईंनी तुला नीट तपासलं. तुझं अंग चांगलं आहे. काही खराब झालेलं नाही.”

“सगळं?”

“सगळं.”

मुलीनं बाईंकडे बराच वेळ पाहिलं. मग ऋजुताकडे पाहिलं.

“मग सांगू?”

बाईंनी मान डोलावली. मुलगी बोलली. मध्येच थांबली… पुन्हा बोलली. बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. ऋजुता लिहीत होती, मुलीच्याच शब्दांत, आणि तिचं ते सुवर्णपदकी अक्षर ओळीगणिक वाकडं होत गेलं.

नवा कागद बाहेर गेला. मुलगी आईबरोबर मावशीकडे गेली, त्या घरी नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायला ये, असं बाईंनी तिला दोनदा सांगितलं.

ऋजुतानं हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.

“किती वर्षं ऐकताय हे, मॅडम?”

“एकोणतीस.”

“तुम्हाला काही… होत नाही?”

बाईंनी मनगट पुढे केलं. ऋजुतानं घड्याळाकडे बघत नाडी मोजली.

“बहात्तर. अगदी व्यवस्थित आहे.”

“मग नसेल होत.”