चार वाट्या आणि पुरलेल्या उखळाची कहाणी

ऐका मापाई देवी, तुमची कहाणी. बायांनो, हातात तांदूळ घ्या. ज्यांना घरी जायची घाई आहे त्यांनीही घ्या; ही कहाणी घाईवाल्यांचीच आहे.

आटपाट पेठ होती. पलीकडे नगर, अलीकडे पेठ, मधे नदी, नदीवर राजानं बांधलेला लाकडी पूल. पेठेच्या तोंडाशी मापाईचं देऊळ. तिच्या हातात ना तलवार ना कमळ, धान्य मोजायचं माप तेवढं. त्या पेठेत गोजराबाई नावाची एक बाई राहायची. नवरा हरबा, दुसऱ्यांची पोती वाहायचा. पोटी मूलबाळ नव्हतं. माहेरून आणलेलं एक दगडी उखळ होतं, ते तिनं स्वयंपाकघराच्या जमिनीत पुरलं होतं. त्यात मिरच्या, धने, खोबरं कुटायचं, मसाला करायचा, दारोदार विकायचा. दिवस जायचे, पण ओढूनताणून जायचे.

एके दिवशी काय झालं? आश्विनातला शुक्रवार. दारी एक म्हातारी आली. म्हणाली, "मुली, घसा कोरडा पडलाय, पाणी दे गं." गोजरानं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, अर्धी भाकरी होती ती दिली. म्हातारी जेवली, तृप्त झाली. मग म्हणाली, "तुला एक वसा सांगते." गोजरा म्हणाली, "आजी, वशाला लागतं ते माझ्याकडे कुठलं?" म्हातारी म्हणाली, "चार वाट्या लागतात. त्या आहेत ना?" गोजरा म्हणाली, "त्या आहेत."

"मग ऐक. दर शुक्रवारी चार वाट्या मांडाव्या. आठवड्याची कमाई चार ठायी करावी. पहिली वाटी राजाची, कारण पूल त्याचा, रस्ता त्याचा. दुसरी भुकेल्याची. तिसरी उद्याची. चौथी घरची, चूल पेटवावी ती तिच्यातून. आणि हात ठेवून म्हणावं, 'आहे ते तुझं, मी राखणदारीण.'"

गोजरानं विचारलं, "आणि देवीची वाटी?" म्हातारी हसली. म्हणाली, "दगडाला कुठे भूक लागते?" पाणी प्यायलेला तांब्या पालथा घालून निघून गेली.

गोजरानं वसा घेतला. पहिल्या शुक्रवारी वाटीत दोन-दोन कवड्या पडल्या, दुसऱ्या शुक्रवारी चार-चार, तिसऱ्या शुक्रवारी वाटीचा तळ दिसेना. माल चोख, माप पुरतं, म्हणून गिऱ्हाईक वाढलं. एका उखळाची सात उखळं झाली, दाराचं दुकान झालं, झोपडीचं घर झालं. हरबाचा हरबाशेट झाला. वर्षाकाठी राजाचा कामदार वसुलीला यायचा. इतर दुकानदार फळी ओढून दुकान बंद करायचे. गोजरा त्याला पाट द्यायची, पाणी द्यायची आणि मग पहिली वाटी पुढे करायची. तिच्या पैशांतून पुलाच्या फळ्या दरसाल नव्या व्हायच्या. गोजरा पुलावरून जाताना मोजून म्हणायची, ही धने-खोबऱ्याची, ही मिरच्यांची. कुणाला सांगायची नाही, पण मनातून फार सुखावायची.

पण बायांनो, वाटी मोठी झाली की डोळ्यांत खुपते. रिकाम्या वाटीचं कुणाला काही वाटत नाही. हरबाशेटला पहिली वाटी बघवेना. जेवण गोड लागेना, झोप लागेना.

त्या पेठेत विसोपंत नावाचा कारकून होता. दुकानदारांचे कागद लिहायचा, बोलणं साखरेचं, चपलांचा आवाज कधी यायचा नाही. तो म्हणाला, "शेट, राजा तुमच्याकडून घेतो?" "घेतो." "माझ्याकडून घेतो?" "घेतो." "देवाकडून घेतो?" शेट म्हणाला, "देवाकडून कसा घेईल?" विसोपंत म्हणाला, "मग सगळं देवीच्या नावावर करा. दुकान देवीचं, घर देवीचं, उखळं देवीची. तुम्ही राखणदार. खावं, प्यावं, गादीवर बसावं. मालक तेवढं म्हणू नये."

हरबाशेट खदखदून हसला. "अहो, आमची ही बारा वर्षं दर शुक्रवारी तेच म्हणते!"

कागद झाला. विसोपंतानं वाचून दाखवला. शेवटची ओळ होती, राखणदार नेमावा आणि काढावा तो देवळाच्या पंचांनी. ती त्यानं भराभर वाचली. गोजराला अंगठा मागितला. तिनं विचारलं, "यात लबाडी नाही ना?" हरबाशेट म्हणाला, "तू जे म्हणतेस तेच लिहिलंय. तुझ्या तोंडचं वाक्य लबाड आहे का?" तिनं अंगठा दिला.

मग काय झालं? राजाचा कामदार आला, कागद बघितला, हात जोडून परत गेला. पहिली वाटी रिकामी राहिली. मग शेट म्हणाला, "सगळं देवीचं, तर भुकेल्यालाही देवीच घालील." दुसरी वाटी रिकामी राहिली. मग शेट म्हणाला, "देवीच्या राखणदाराला उद्याची कसली काळजी?" तिसरी वाटी रिकामी राहिली. सगळं चौथीत पडू लागलं. चौथी वाटी काढून शेटनं पितळी घंगाळ ठेवलं. गोजरा दर शुक्रवारी तीन रिकाम्या वाट्यांवर हात ठेवायची, म्हणायची, "आहे ते तुझं, मी राखणदारीण." बोलताना जीभ जड व्हायची. कळत होतं तिला. पण नवऱ्यापुढे मूग गिळून बसली. इथे तिची चूक झाली, आणि ती मी झाकणार नाही.

आश्विनात म्हातारी पुन्हा दारी आली. म्हणाली, "बाबा, घसा कोरडा पडलाय." शेट गादीवरून म्हणाला, "आजी, हे देवीचं धन. त्याला हात लावायचा आम्हांला अधिकार नाही." गोजरानं आतून ऐकलं. हातातलं पुरण टाकून उठावं की संपवून उठावं, असा विचार करीत राहिली. ताट घेऊन बाहेर आली तर ओटा रिकामा, तांब्या पालथा.

शेटचं पाहून सगळी पेठ शहाणी झाली. सुताराचं घर देवीचं, सराफाची पेढी देवीची, हलवायाची कढई देवीची. सगळ्यांनी मिळून राजाला शेंडी लावली आणि एकमेकांना पेढे वाटले. मापाई अख्ख्या पेठेची मालकीण झाली, आणि तिच्या गाभाऱ्यात दिव्याला तेल नव्हतं.

एक साल गेलं, दोन सालं गेली, तीन सालं गेली. पुलाच्या फळ्या कुजल्या. पेठेतले लोक ओरडले, "राजा काय करतो?" राजाची माणसं म्हणाली, "पेठेचा वाटा येत नाही. फळ्या कुठून आणू?" लोक राजाला शिव्या देत त्याच फळ्यांवरून जात राहिले.

एके सकाळी हरबाशेट मसाल्याची गाडी भरून नगराला निघाला. पुलाच्या मध्यावर आला. फळी मोडली. गाडी गेली, बैल गेले, शेट गेला. नदीचं पाणी लाल झालं, लोकांना वाटलं रक्त. मिरच्या होत्या.

गोजरानं कुंकू पुसलं. दिवस केले. चौदाव्या दिवशी विसोपंत दारात उभा. साखरेच्या आवाजात म्हणाला, "बाई, राखणदार गेले, फार वाईट झालं. पंचांनी नवा राखणदार नेमला." गोजरानं विचारलं, "कोण?" विसोपंत खाली बघून म्हणाला, "मीच. माझी इच्छा नव्हती."

गोजरा न्यायाधीशाकडे गेली. न्यायाधीश भला होता. कागद वाचला, पुन्हा वाचला, गोजराकडे बघितलं. त्याला कळवळा आला. म्हणाला, "बाई, तीन प्रश्न विचारतो. दुकान कुणाचं?" गोजरा म्हणाली, "देवीचं." "घर कुणाचं?" "देवीचं."

न्यायाधीश सावकाश म्हणाला, "आता नीट ऐक. पहिलं उखळ तू माहेरून आणलंस. ते बाईचं स्वतःचं धन, नवऱ्याला ते कुणाला देता येत नाही. अंगठा तुझ्याकडून फसवून घेतला असेल तर मी तो खोडीन. उखळ जमिनीत पुरलेलं आहे, तेव्हा ती जमीन उखळाबरोबर, ती खोली उखळाबरोबर. डोक्यावर छप्पर राहील. एक शब्द बोल. ते उखळ कुणाचं?"

विसोपंताचा चेहरा उतरला. गोजराच्या डोळ्यांपुढे आईनं दिलेलं उखळ आलं, त्याची एका बाजूची झिजलेली कड आली. "माझं" एवढंच म्हणायचं होतं. पण पंधरा वर्षांत तो शब्द तिनं उच्चारला नव्हता. तिला वाटलं, सगळं गेलं, नवरा गेला, आता वसा तरी राहू दे. ती म्हणाली, "देवीचं, महाराज. मी राखणदारीण."

न्यायाधीशानं लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "बाई, राखणदाराला काढता येतं." आणि शिक्का मारला.

गोजरा मुसळ घेऊन बाहेर पडली. उखळ पुरलेलं, ते कसं नेणार? मोडक्या पुलाच्या कडेला जाऊन बसली. तिथे म्हातारी बसली होती. ऊन डोक्यावर. गोजरानं ओळखलं, पायांवर डोकं ठेवलं, आणि मग तिला राग आला. ती ओरडली, "तुझं तुझं म्हणत सगळं घालवलं मी! मी वसा मोडला नाही! तू कुठे होतीस?"

देवी म्हणाली, "वेडे, दोनदा दारी आले होते. मी काय मागितलं तुझ्याकडे? घर मागितलं? दुकान मागितलं? मी तुला राखणदारीण म्हटलं. चोर दारात आला की राखणदार काय करतो? हे माझं नाही म्हणून बाजूला होतो? राखायचं म्हणजे आडवं पडायचं, माझं म्हणून ओरडायचं. तू शब्द राखलास आणि धन सोडलंस."

गोजरा रडत म्हणाली, "आता जाते, आता म्हणते." देवी म्हणाली, "शिक्का वाळला." गोजरा म्हणाली, "तू देवी ना? तो कागद फाड." देवी म्हणाली, "कागदावर माझं नाव आहे, माझा अंगठा नाही. मला कुणी विचारलं नाही. नव्या राखणदारानं देवळालाही कुलूप लावलंय, उगाच कुणी दिव्याला तेल मागेल म्हणून."

अशा दोघी उन्हात बसल्या. विसोपंताचं उखळ मात्र पांढरं झालं. सात उखळं त्याची झाली, पेठ त्याची झाली, तो अजून सुखात आहे. मी खोटं सांगणार नाही.

गोजरा दुसऱ्यांच्या उखळांवर मजुरीनं कुटायला जाऊ लागली. शुक्रवारी चार खापऱ्या मांडायची. पहिली पुलाची, दुसरी भुकेल्याची, तिसरी उद्याची, चौथी घरची, घर नव्हतं तरी. हात ठेवायची आणि म्हणायची, "आहे ते तुझं, पण राखीन मी." मरेपर्यंत तिनं पुलाची एक फळी घातली. एकच.

तर मापाई देवी, गोजराला फळलीस तशी आम्हांला फळू नकोस; तिला फळायला हवी होतीस तशी फळ. ही साठा उत्तरांची कहाणी. एकोणसाठ उत्तरं गोजरानं दिली, एक तिच्या तोंडून निघालं नाही. ते, बायांनो, तुमच्या तोंडून वेळेवर निघो. कहाणी संपूर्ण. सुफळ म्हणायला माझी जीभ वळत नाही. तांदूळ वाहा.